मागची ट्रॉली: मिशिगनमध्ये दुहेरी ट्रेलरचा परवाना घेताना

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या वायव्येला असलेल्या नोवाय या उपनगरात आम्ही गेली अकरा वर्षे राहत आहोत. मोटारींच्या उद्योगामुळे या भागात मराठी अभियंते पुष्कळ आहेत आणि मी त्यांपैकीच एक आहे. मात्र माझे काम गाडीतील आसनांच्या आराखड्याचे असल्याने ब्रेक, जोडण्या आणि ट्रेलर यांच्याशी माझा संबंध आला तो नोकरीमुळे नव्हे, तर सुट्टीमुळे. चार वर्षांपूर्वी आम्ही पिकअप ट्रकमागे ओढायचे एक फिरते घर घेतले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात नवऱ्याने मासेमारीसाठी १८ फुटी अॅल्युमिनियमची बोट घेतली. बोट तिच्या स्वतःच्या ट्रेलरवर असते. तेव्हापासून प्रत्येक सहलीच्या आधी घरात एकच वाद होई, की या वेळी घर न्यायचे की बोट. आणि दोन्ही न्यायचे ठरले, तर दोन गाड्या, दोन चालक आणि दुप्पट इंधन.

मिशिगनमध्ये विशिष्ट अटींवर घराच्या मागे बोटही जोडता येते, हे कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, फार तर लाल फडके, आणि वळणावर ती रस्ताभर डोलत आपल्या अंगावर येते आहे, हे दृश्य पाहतच मी मोठी झाले. संध्याकाळी दुचाकीवरून तिला ओलांडताना पोटात येणारा गोळा मला अजून आठवतो. तेच काम कायद्याने, परीक्षा घेऊन करू देतात, ही गोष्ट मला आधी चमत्कारिक वाटली आणि मग तिने माझे कुतूहल चाळवले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आमचे फिरते घर ‘फिफ्थ व्हील’ प्रकारचे आहे. नावात चाक असले तरी ते चाक नव्हे. महामार्गावरच्या कंटेनर ट्रेलरला जशी ट्रकच्या पाठीवर घोड्याच्या नालेच्या आकाराची लोखंडी बैठक असते, तशीच छोटी बैठक पिकअपच्या हौद्यात बसवलेली असते आणि घराच्या पुढच्या भागातून खाली आलेली जाड किंगपिन तीत अडकते. ही जोडणी ट्रकच्या मागच्या आसाच्या जवळजवळ बरोबर वर येते, त्यामुळे घराचा भार ट्रकच्या शेपटीला लोंबकळत नाही आणि घर हलले तरी ट्रकच्या मागच्या भागाला आडवा हिसका बसत नाही. जे घर मागच्या बंपरजवळच्या गोलकाला जोडले जाते, त्याची गोष्ट वेगळी. ते आसाच्या बरेच मागून ओढले जाते आणि डोलायला लागले की ट्रकचे शेपूट हलवू शकते. म्हणूनच मिशिगनमध्ये दुहेरी जोडणीची सवलत फिफ्थ व्हील घरालाच आहे. बंपरमागचे घर आणि त्यामागे बोट, ही जोडणी चालत नाही. जोडणीत ट्रकही धरून मोजणारे लोक या प्रकाराला तिहेरी म्हणतात आणि फक्त ट्रेलर मोजणारे दुहेरी. या एका शब्दावरून मी पहिले काही दिवस चुकीचीच माहिती वाचत होते.

यासाठी नेहमीच्या परवान्यावर ‘आर’ अक्षराची एक नोंद घ्यावी लागते. मिशिगनमध्ये वाहन परवान्याचे काम सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्य अधिकाऱ्याच्या शाखांमध्ये चालते. अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते, लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि शुल्क किरकोळ असते. मी जवळच्या शाखेत वेळ घेतली, तीन संध्याकाळी अभ्यास केला आणि परीक्षा दिली. प्रश्न जोडणीचे नियम, वजन, थांबण्याचे अंतर आणि निघण्यापूर्वीची तपासणी यांवर होते. ज्याने अभ्यास केला आहे त्याला ते अवघड जाऊ नयेत. अर्ध्या तासाच्या आत मी बाहेर आले, तेव्हा लांबलचक, दोन ठिकाणी मुडपणारी गाडी राज्याच्या रस्त्यांवर चालवण्याची मुभा माझ्याकडे होती आणि ती मी एकदाही चालवलेली नव्हती. रस्त्यावरची परीक्षा कोणी घेतली नाही. साधा मोटारीचा परवाना काढताना माझी समांतर पार्किंगची चाचणी झाली होती, हे आठवून मला हसू आले. पण घरी येताना हसू ओसरले. माझ्या मते ही मुभा फार स्वस्तात मिळते, आणि तिच्यात जे राहून जाते ते चालकाने स्वतःवर लादून घ्यायचे असते. पुढचे दोन महिने आम्ही तेच केले.

नियमांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले तीन सांगते. पहिला, एकूण लांबीची मर्यादा; आमची जोडणी पुढच्या बंपरपासून बोटीच्या इंजिनाच्या टोकापर्यंत फिताने मोजली, ती मर्यादेत बसली. दुसरा, मागच्या ट्रेलरचे भरलेले वजन हे ओढणाऱ्या ट्रकच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त असता कामा नये. तिसरा, मागच्या ट्रेलरला सुरक्षा साखळ्या हव्यात आणि त्या कडेच्या टोकांना पक्क्या जोडलेल्या हव्यात, म्हणजे मुख्य जोडणी निसटली तरी ट्रेलर सरळ रेषेत फरफटत येईल, शेजारच्या मार्गिकेत घुसणार नाही.

दुसऱ्या नियमासाठी वजन कळायला हवे, आणि इथे आमचा पहिला भ्रम फुटला. बोटीच्या माहितीपत्रकात १४०० पाउंड असे लिहिलेले होते. नवऱ्याच्या तोंडी तोच आकडा असे. आम्ही महामार्गावरच्या एका ट्रक स्टॉपवरील काट्यावर गेलो. साखर कारखान्याच्या काट्यावर ज्यांचे ऊस मोजून घेताना आयुष्य गेले अशा घरातली मी. काटा म्हटला की संशय हा आमच्या रक्तातच असतो, पण इथे काटामारीचे कोणाला कारण नव्हते. ट्रक स्टॉपवरच्या या काट्याला सलग तीन फळ्या असतात, त्यामुळे पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांचे वजन एकाच वेळी वेगवेगळे मिळते. दुहेरी जोडणीत मात्र घराचे आणि बोटीचे आस एकाच फळीवर येतात, म्हणून एकदा बोटीसह आणि एकदा बोटीशिवाय असे दोनदा वजन करावे लागते. त्यानंतर बोटीचा ट्रेलर एकटाच चढवून आम्ही तिसरी पावतीही घेतली. तिच्यावर ३१०० पाउंड, म्हणजे सुमारे १४०० किलो वजन होते. माहितीपत्रकातले १४०० पाउंड हे नुसत्या सांगाड्याचे होते. ट्रेलर स्वतः ८०० पाउंडांचा, इंजिन पावणेचारशेच्या आसपास, शिवाय पेट्रोल, दोन बॅटऱ्या, नांगर, बर्फाची पेटी आणि नवऱ्याची मासेमारीची अवजारे, ज्यांच्या संख्येबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

आमच्या ट्रकचे रिकामे वजन याच्या दुपटीहून अधिक असल्याने दुसरा नियम आम्ही सहज पाळत होतो. परंतु इतक्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असायला हवेत आणि आमच्या बोटीच्या ट्रेलरला ते नव्हते. म्हणजे माहितीपत्रकावर विश्वास ठेवून आधीचा संपूर्ण उन्हाळा आम्ही नकळत धोका पत्करत होतो. बोटीच्या ट्रेलरला बहुधा विजेवर चालणारे ब्रेक बसवत नाहीत, कारण बोट उतरवताना चाके पाण्यात बुडतात. त्याऐवजी ढकलब्रेक म्हणता येतील असे द्रवदाबाचे ब्रेक असतात: पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिच्यावर रेलतो, त्या रेट्याने जोडणीतला दट्ट्या दबतो आणि चाकांचे ब्रेक लागतात. साधी आणि हुशार रचना आहे, पण तिचा एक तोटा पुढे सांगणार आहे. ते ब्रेक बसवून घ्यायला तीन आठवडे गेले.

यापेक्षा अधिक वेळ गेला तो घराच्या मागे हुक लावण्यात. घराला मागे जो चौकोनी बंपर असतो तो पातळ पत्र्याचा, आतून पोकळ असतो आणि सांडपाण्याचा लवचिक पाइप ठेवण्यासाठी वापरला जातो. तो एखादी सायकल पेलेल, पण दीड टनाची बोट ओढण्यासाठी तो मुळीच नाही. एका विक्रेत्याने आम्हाला बेधडक सांगितले, की त्यावर गोलक बसवून देतो, सगळे असेच करतात. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने घराच्या चासीला आडवी तुळई वेल्ड करून देण्याची तयारी दाखवली. आम्ही दोघांनाही थांबवले आणि घराच्या उत्पादकाला आमच्या घराचा क्रमांक देऊन विचारले, की या चासीला मागून ओढण्याची परवानगी आहे का आणि असल्यास किती वजनाची. लेखी उत्तर येईपर्यंत मी हट्टाने काहीच होऊ दिले नाही. उत्तर आले ते सुदैवाने होकारार्थी होते, पण त्यात ओढायच्या वजनाची आणि खाली दाबणाऱ्या वजनाची कमाल मर्यादा दिलेली होती आणि जोडणी चासीच्या दोन्ही मुख्य तुळयांना बोल्टने बांधलेली असावी, अशी अट होती. विमा कंपनीकडूनही मी दुहेरी जोडणी विम्यात धरली जाते असे लेखी घेतले. या दोन कागदांशिवाय कोणी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परवान्यावरच्या एका अक्षराने चासी मजबूत होत नाही.

आता एक हिशेब सांगते, जो आम्हाला कोणी सांगितला नव्हता आणि रात्री जेवणाच्या टेबलावर कागदावर आकृती काढताना सुचला. बोटीचा ट्रेलर आपल्या जोडणीवर सुमारे ३१० पाउंड भार खाली दाबतो. एकूण वजनाच्या दहा टक्के इतका भार पुढे असावाच लागतो, नाही तर ट्रेलर डोलतो. हा भार घराच्या आसांपासून ११ फूट मागे पडतो. घराची किंगपिन आसांच्या २० फूट पुढे आहे. म्हणजे घराचा आस हा टेकू झाला आणि घर ही शिडी. मागच्या टोकावर माणूस बसला की पुढचे टोक वर उचलले जाते. ३१० ला ११ ने गुणून २० ने भागले, तर किंगपिनवरचा भार सुमारे १७० पाउंडांनी कमी होतो आणि घराच्या आसांवर ३१० अधिक १७०, म्हणजे ४८० पाउंड वाढतात. काट्याच्या पावत्यांवर हा फरक जवळजवळ तंतोतंत दिसला, तेव्हा मला जो आनंद झाला तो नोकरीतही क्वचित होतो. पण आनंदाबरोबर एक चिंताही आली. घराच्या दोन आसांची मिळून क्षमता ८८०० पाउंड होती आणि बोट जोडल्यावर त्यांच्यावर ८२०० च्या जवळ भार येत होता. पिण्याच्या पाण्याची टाकी ५० गॅलनची. ती भरली तर आणखी ४०० पाउंडांहून अधिक. म्हणून बोट मागे असताना टाकी रिकामी ठेवायची आणि पाणी मुक्कामावर भरायचे, हा आमच्या घरचा कायदा झाला.

सरावासाठी आम्ही रविवारी सकाळी मोकळे असणारे एक मोठे वाहनतळ निवडले. त्याच सुमारास माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कराडजवळच्या बहिणीकडून निघून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. ऐन उमेदीत त्यांनी स्वतः दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत नेलेला आहे. मी परवाना दाखवला, तेव्हा ते चष्मा वर करून म्हणाले, “दोन ट्रॉल्या वडायला लायसन लागतंय व्हय हितं? आमच्यात नुसतं काळीज लागायचं.” मग जरा थांबून त्यांनी जे सांगितले ते मात्र गमतीचे नव्हते. त्यांच्या माहितीतला एक ट्रॅक्टरवाला रात्री कारखान्याच्या दारात पोहोचला, तेव्हा त्याला कळले की मागची ट्रॉली वाटेतच पिन तुटून ओढ्याजवळ राहिली आहे. कुठे सुटली ते त्याला सांगता येईना. “मागची ट्रॉली गेली तरी फुडच्याला कळत न्हाई बघ,” अण्णा म्हणाले, “पहिली ट्रॉली मधी असती न्हवं.”

वाहनतळावर मला त्याचा अर्थ कळला. एकच ट्रेलर असताना त्याचे प्रत्येक हिसकणे ट्रकच्या आसनातून, स्टिअरिंगमधून जाणवते. मागे घर असले की घर इतके जड आणि घट्ट, की त्यामागची बोट त्या मानाने कस्पट. ती खड्ड्यात गेली, कठड्यावर चढली, तरी चालकापर्यंत काहीच पोहोचत नाही. सरावाच्या पहिल्या दिवशी मी एका वळणावर बोटीचे उजवे चाक प्लास्टिकच्या दोन शंकूंवरून नेले. नवरा ओरडून थांबवेपर्यंत मला पत्ता नव्हता. शाळेत एकमेकींचा फ्रॉक धरून आगगाडी करताना वळणावर शेवटची मुलगी नेहमी फेकली जात असे. इथेही पुढच्या ट्रकने जो छोटासा झोका दिला तो घराकडे पोहोचेपर्यंत वाढतो आणि बोटीपर्यंत आणखी वाढतो. म्हणून मार्गिका बदलताना स्टिअरिंग असे हलवायचे की जणू हलवलेच नाही.

मागे घेण्याबाबत थोडक्यात सांगायचे तर ती गोष्ट विसरून जावी. एक ट्रेलर मागे घेता येतो, स्टिअरिंग उलट दिशेला फिरवण्याची सवय झाली की येतो. दोन ट्रेलर असताना काही फुटांतच मागचा सांधा दुमडतो आणि तो सरळ करायला पुढचा सांधा दुमडावा लागतो. त्यात ढकलब्रेक मागे घेताना आपोआप लागतात, ते वेगळेच. त्यामुळे जिथून पुढच्या बाजूने बाहेर पडता येणार नाही तिथे शिरायचेच नाही. इंधन भरायला आम्ही ट्रकसाठीच्या डिझेल पंपांच्या रांगेत जातो. मुक्कामाच्या जागा आडव्या पार जाता येईल अशा नसतील, तर आधी मोकळ्या जागी बोट सोडून चाकांना अडसर लावायचा, मग घर लावायचे आणि शेवटी बोट आणायची.

आता ढकलब्रेकचा तो तोटा. घराचे ब्रेक विजेवर चालतात आणि चालकाच्या गुडघ्याजवळच्या नियंत्रकावर एक छोटा दांडा असतो. घर डोलू लागले, तर ट्रकचा ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटरवरून पाय सैल करून तो दांडा हळूच दाबायचा, म्हणजे घर मागे ताणले जाते आणि जोडणी सरळ होते. बोटीचे ब्रेक असे हाताने लावता येत नाहीत. बोट डोलू लागली तर चालकाच्या हातात वेग कमी करणे आणि वाट पाहणे यापलीकडे काही नाही. ती डोलू नये याची व्यवस्था निघण्यापूर्वीच करायची: वजन पुढे, हवा बरोबर, वेग कमी. ट्रेलरसाठीचे अनेक खास टायर ताशी ६५ मैलांच्या मर्यादेचे असतात. आम्ही ५८ च्या वर जात नाही आणि मागून येणाऱ्यांचे शिव्याशाप निमूटपणे घेतो.

पहिला मोठा प्रवास आम्ही जुलैमध्ये केला, मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातील इंडियन लेक स्टेट पार्कपर्यंत. ट्रकमध्ये मी, नवरा, अण्णा आणि मुलगी. बोटीच्या मागच्या टोकावर बिनतारी कॅमेरा, दहाही चाकांच्या टायरमध्ये हवेचा दाब आणि तापमान सांगणारे सेन्सर आणि माझ्या खिशात लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक. प्रत्येक थांब्यावर गाडीभोवती एक पूर्ण फेरी, तीही नेहमी एकाच दिशेने: ट्रकची जोडणी, किंगपिनचा जबडा, तुटल्यास ब्रेक लावणारी तार, साखळ्या, वायरीचे प्लग, दिवे, टायर, चाकांचे तुंबे, म्हणजे बेअरिंग असलेले चाकांचे मधले भाग. आकडे मी वहीत लिहीत होते. अण्णा प्रत्येक फेरीला माझ्याबरोबर येत आणि सेन्सर कशाला हवा, तळहात कशाला दिलाय देवाने, असे म्हणत चाकाच्या तुंब्यांना हात लावून बघत.

आय-७५ या महामार्गावर सॅगिनॉजवळ झिलवॉकीचा उंच पूल लागतो. तिथे आडव्या वाऱ्यात घर एकदा हलके झुकले आणि कॅमेऱ्यात बोटही किंचित उजवीकडे सरकलेली दिसली. मी वेग ५० वर आणला आणि ती सरळ झाली. पुढे ग्रेलिंगच्या अलीकडच्या विश्रांतिस्थळावर मी नेहमीप्रमाणे फेरी मारली. बोटीच्या उजव्या चाकाचा तुंबा ४१ अंश सेल्सिअस. डाव्या चाकाचा ७९. बंदूक बिघडली असे वाटून मी पुन्हा मोजले. अण्णांनी हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. टायरचा सेन्सर काहीच बोलत नव्हता, कारण टायरची हवा ठीक होती. स्टिअरिंगला काही जाणवले नव्हते, कॅमेऱ्यात काही दिसले नव्हते, आवाज तर ५० फुटांवरून यायचाच नाही.

तुंब्याचे झाकण काढले तर आतले ग्रीस दुधासारखे पांढरट झाले होते. याचा अर्थ आत पाणी शिरलेले होते. बोट उतरवताना प्रवासाने तापलेला तुंबा एकदम थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि जुनी सील असली की ती पाणी आत ओढून घेते. मागच्या हंगामातले ते पाणी हिवाळाभर बेअरिंग खात बसले होते, आणि ब्रेक बसवून घेतले तेव्हा बेअरिंगही बदलून घ्यावे हे ना त्या कारागिराला सुचले ना आम्हाला. अजून पन्नास-साठ मैल गेलो असतो तर काय झाले असते, याची कल्पना करण्याची गरज नाही. अशी चाके महामार्गावरून स्वतंत्रपणे धावताना लोकांनी पाहिलेली आहेत. नवऱ्याने ग्रीस भरलेला तयार तुंबा बरोबर घेतला होता, त्याबद्दल त्याच्या सर्व मासेमारीच्या अवजारांना मी त्या दिवसापुरती क्षमा केली. दीड तास लागला. अण्णांनी पाना धरला, मुलीने विजेरी धरली आणि मी वहीत पाच नवे आकडे लिहिले.

मॅकिनॉ पुलावर आम्ही दुपारी पोहोचलो. १९५७ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल दोन्ही टोके धरून सुमारे ५ मैल लांब आहे आणि मिशिगनच्या खालच्या व वरच्या द्वीपकल्पांना जोडतो. टोल आसांच्या संख्येवर असतो. आमचे पाच आस मोजून टोलवरची बाई म्हणाली, की तुम्ही बरेच काही घेऊन निघालात. पुलाच्या आतल्या मार्गिका लोखंडी जाळीच्या आहेत, खाली पाणी दिसते आणि ट्रेलरचे टायर त्यावर भुणभुणतात. बाहेरची मार्गिका डांबरी आहे, आम्ही तीच धरली. त्या दिवशी वारा नव्हता. पलीकडे यूएस-२ हा रस्ता मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने जातो, फार सुंदर आहे, पण जायला एक आणि यायला एक अशा दोनच मार्गिकांचा आहे आणि सूर्य कलल्यावर हरणे येतात. म्हणून आम्ही अंधार पडण्याच्या आत मुक्काम गाठला, मोकळ्या जागी बोट सोडली आणि घर ठरल्याप्रमाणे आधी लावले.

या प्रवासाची छायाचित्रे पाहून न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका मैत्रिणीने आग्रह धरला, की गणपतीला हे सगळे लटांबर घेऊन आमच्याकडेच या. तिला मी कळवले, की घर येईल, बोट येणार नाही. दुहेरी जोडणीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. न्यू जर्सी किंवा फ्लोरिडामध्ये ती चालतच नाही, कॅलिफोर्नियात त्यासाठी वरच्या वर्गाचा परवाना लागतो, आणि जिथे चालते तिथेही लांबीची मर्यादा वेगळी असू शकते. राज्याची सीमा ओलांडण्यापूर्वी मार्गावरच्या प्रत्येक राज्याच्या वाहतूक विभागाचा चालू नियम मी स्वतः पाहते, कारण या बाबतीत कोणीतरी सांगितले होते हे उत्तर पोलिसापुढे चालत नाही.

परतीच्या दिवशी सेंट इग्नेस येथे पुलाच्या तोंडाशी वाऱ्याचा इशारा लागला होता. वारा ताशी ३५ मैलांवर गेला की उंच गाड्यांना आणि ट्रेलरवाल्यांना सोबत घेऊन पुलापार नेण्याची व्यवस्था पुलाच्या प्राधिकरणाकडे आहे. त्याखालच्या वाऱ्यात वेग ताशी २० मैलांवर आणून जाऊ देतात. आमचे घर साडेबारा फूट उंच. कायद्याने आम्ही त्या क्षणी जाऊ शकत होतो. मी गाडी बाजूच्या मोठ्या वाहनतळात घेतली, अर्थात सरळ आत आणि सरळ बाहेर पडता येईल अशी, आणि आम्ही तीन तास थांबलो. घरात चहा झाला, पिठले-भात झाला, अण्णांनी एक झोप काढली. साडेपाचच्या सुमाराला इशारा उतरला. निघण्यापूर्वी मी फेरी मारली: बोटीचे डावे चाक २९, उजवे २८. नवरा म्हणाला, की तीन तास उभ्या असलेल्या गाडीचे तापमान कोण मोजते. अण्णा तेवढ्यात डाव्या तुंब्यावर तळहात ठेवून उभेच होते.